मातृभाषेचा रकाना

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात मी गेली अकरा वर्षे नोकरी करते, आणि त्या नोकरीचा मोठा भाग म्हणजे कागद भरणे आणि इतरांनी भरलेले कागद तपासणे. आमच्याकडे या कामाचे नियम कडक असतात. चूक झाली तर व्हाइटनर लावायचा नाही, अक्षर गिरवून जाड करायचे नाही. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ अशी मारायची की खालचा शब्द वाचता आला पाहिजे, आणि बाजूला बरोबर शब्द लिहून सही व तारीख टाकायची. कोणताही रकाना रिकामा ठेवायचा नाही. लिहिण्यासारखे काही नसेल तर ‘लागू नाही’ असे लिहायचे. त्यामुळे जानेवारीतल्या एका शनिवारी नवऱ्याने लेकीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी तीन शाळांचे तीन फॉर्म आणून जेवणाच्या टेबलावर ठेवले, तेव्हा हे काम माझेच आहे याबद्दल घरात दुमत नव्हते, आणि रविवारी दुपारच्या जेवणाआधी ते उरकेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात तिसरा फॉर्म देऊन होईपर्यंत फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला.

तीनांपैकी एक फॉर्म गावातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेचा होता, पाठपोट एका पानाचा. दुसरा फोंडा शहरातल्या एका अनुदानित मराठी शाळेचा, चार पानांचा. तिसरा शहरातल्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा, गुळगुळीत कागदावर छापलेला, माहितीपुस्तिकेसह अकरा पानांचा, आणि तो मात्र पैसे मोजून आणावा लागला होता. तीन फॉर्म आणण्याचे कारण असे की या प्रश्नावर आमच्या घरात एकमत नव्हते. गोव्यात माझ्या वयाच्या बहुतेकांचा शिक्षणाचा रस्ता ठरलेला असे: चौथीपर्यंत गावातल्या शाळेत मराठीतून आणि पाचवीपासून हायस्कुलात इंग्रजीतून. पाचवीच्या पहिल्या सहामाहीत विज्ञानाच्या तासाला काहीच न कळता मान डोलावत बसल्याचे मला अजून आठवते. त्या आठवणीवरून नवरा म्हणतो की मुलीला सुरुवातीपासून इंग्रजीतच घालू. मला त्याच आठवणीवरून वाटते की चार वर्षे सगळे कळत होते, हेही काही कमी नव्हते. सासरे निवृत्त प्राथमिक शिक्षक असल्यामुळे त्यांचे मत कोणी विचारले नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे असे सगळ्यांनी गृहीत धरले होते.

पहिल्याच रकान्यात अडले. मुलीचे पूर्ण नाव ‘जन्मदाखल्यात असेल त्याप्रमाणे’ लिहा, अशी सूचना होती आणि तीन ओळी खाली ‘आधार कार्डावर असेल त्याप्रमाणे’ अशी दुसरी. आमचे आडनाव गावकर. देवनागरीत ते लिहिण्याचा एकच मार्ग आहे, पण रोमी अक्षरांत त्याचे गोव्यात काय काय होते ते इथल्या कोणालाही सांगायला नको. आजेसासऱ्यांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदांवर ‘क’साठी ‘सी’ आहे, कारण पोर्तुगीज लिहिणाऱ्यांना ‘के’ हे अक्षर परके होते. सासऱ्यांच्या सेवापुस्तिकेत ‘के’ आला, पण मधला ‘यू’ जुनाच राहिला. नवऱ्याच्या कागदांवर त्या ‘यू’चा ‘ओ’ झाला. लेकीच्या जन्मदाखल्यावर लिहिणाऱ्याने आजोबांचा ‘यू’ उचलला आणि आधारवर बापाचा ‘ओ’ आला. ज्या प्रदेशात डिचोलीच्या पाटीवर रोमी अक्षरांत बिचोलिम आणि पेडण्याच्या पाटीवर पर्नेम वाचून माणसे बिनचूक डिचोलीला आणि पेडण्याला उतरतात, तिथे एका अक्षराचे एवढे काय, असे मला वाटले होते. शाळेच्या खिडकीवर तसे वाटत नव्हते.

हा गुंता त्यातल्या त्यात लवकर सुटला. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर मुलांच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद आधारमध्ये नव्याने द्यावीच लागते आणि आम्ही ती लांबणीवर टाकली होती. तिच्यासोबत नावाचीही दुरुस्ती करून घेतली. जन्मदाखला प्रमाण मानून आधार सुधारावे, उलट करू नये, हा केंद्रावरच्या मुलाने दिलेला सल्ला बरोबर होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशाच्या वेळी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालणार आहे, तेव्हा ज्यांच्या घरी आता पाळणा हलतो आहे त्यांनी इस्पितळातून घरी येण्यापूर्वीच त्या कागदावरचे प्रत्येक अक्षर बोट ठेवून वाचावे. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात स्पष्ट केले आहे हे मला माहीत होते. फॉर्मवर त्या रकान्यापुढे लाल तारका होती हेही मला दिसत होते. तारकेशी भांडायला मी गेले नाही.

आईच्या नावाने मात्र मला आठ दिवस फिरवले. गोव्यात लग्नाची नोंदणी नागरी निबंधकाच्या कचेरीत होते, आम्ही त्याला ‘सह्या करणे’ म्हणतो, आणि त्या दस्तऐवजावर माझे माहेरचे नाव आहे, जे असायलाच हवे. तेच नाव मी बाळंतपणाच्या वेळी इस्पितळात सांगितले, म्हणून लेकीच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून तेच लागले. आधार मी लग्नानंतर नव्या आडनावाने करून घेतले. आणि शिधापत्रिकेवर तिसरेच नाव आहे, कारण लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने जे नाव लिहिले गेले ते सासूबाईंनी मोठ्या हौसेने तिथे घालून घेतले होते. त्या नावाने मला आजवर सासूबाई आणि रेशन दुकानदार या दोघांनीच हाक मारली आहे. तांदूळ त्याच आठवड्यात शिजून संपले. नाव शिधापत्रिकेवर राहिले.

इंग्रजी शाळेच्या खिडकीवरच्या बाईंनी तीन कागद एकापुढे एक ठेवले आणि अगदी सौम्यपणे विचारले, ‘‘यातली मुलीची आई कोण?’’ मी म्हटले, तिन्ही मीच. त्यांनी तसे लिहून आणायला सांगितले. फोंड्यात कोर्टाजवळ टंकलेखकांच्या टेबलांची जी रांग आहे, तिथे याचा मजकूर तयारच असतो; फक्त नावे बदलायची. ‘वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे’ असे मी शपथेवर सांगितले, नोटरींनी शिक्का मारला, एकूण खर्च साडेतीनशे रुपये. टंकलेखकाने कागद हातात देताना सांगितले की दिवसाला असे चार-पाच निघतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत जास्त निघतात, आणि त्यात बापाचे नाव असलेला एकही नसतो. नाव कायमचे बदलून घ्यायचे तर गोव्याचा १९९०चा नाव व आडनाव बदल कायदा आहे, अर्ज करून ते रीतसर करता येते, पण कोणते नाव बदलून कोणते ठेवायचे हे माझे मलाच ठरवता आले नाही. माहेरच्या नावाने मी पदवी घेतली, सासरच्या नावाने पगार घेते आणि तांदळातल्या नावाने साखर.

पत्त्याचा पुरावा हा वेगळाच विषय आहे. आम्ही ज्या घरात राहतो त्याची घरपट्टी अजून आजेसासऱ्यांच्या नावाने येते आणि ते १९८१ साली गेले. विजेचे बिल मोठ्या चुलतसासऱ्यांच्या नावे येते आणि ते चाळीस वर्षांपासून मुंबईत आहेत. वारस चौदा, त्यामुळे वाटणीचा दावा घालायचे दर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, ठरते आणि दर चवथीला पुढच्या चवथीवर जाते. गोव्यातल्या जुन्या घरांत राहणाऱ्या बहुतेकांची हीच कथा असणार, त्यामुळे ती लांबवत नाही. पंचायतीतून निवासाचा दाखला काढला. त्यासाठी आमच्या प्रभागाच्या पंचाची शिफारस लागली, ती त्याने स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून लिहून दिली.

पुढे ‘पालकांचे उत्पन्न’ आले. चार पानांच्या फॉर्मवर त्यासाठी एकच जागा होती आणि ती वडिलांच्या नावाखाली होती. आईसाठी ‘व्यवसाय’ एवढाच रकाना, आणि तोही ‘गृहिणी असल्यास तसे लिहावे’ अशा आधीच दिलेल्या उत्तरासह. आता गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली कौटुंबिक कायद्याची व्यवस्था अशी आहे की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरली जाते, अर्धी-अर्धी. या व्यवस्थेविषयी बाहेरचे लोक आमच्याशी फार कौतुकाने बोलतात. ती फॉर्म छापणाऱ्यापर्यंत पोचलेली नाही. मी वडिलांच्या नावाखाली दोघांची बेरीज लिहिली आणि कंसात ‘आई व वडील मिळून’ असे घातले. त्यावर कोणी हरकत घेतली नाही. बहुधा कोणी वाचलेच नाही.

बालरथ, म्हणजे शाळेची बस, हवा का, रक्तगट कोणता, लसी कोणत्या, भावंड शाळेत आहे का, हे सगळे पंधरा मिनिटांत झाले. ‘शरीरावरील ओळखखुणा (कोणत्याही दोन)’ इथे मात्र थांबावे लागले, कारण सहा वर्षे जिला रोज अंघोळ घातली तिच्या अंगावर तीळ कुठे आहे हे मला सांगता येईना. रात्री नऊ वाजता दिव्याखाली शोध सुरू झाला. लेक गुदगुल्यांनी लोळत होती, नवरा मोबाइलचा उजेड धरून होता आणि सासूबाई दारातून सूचना देत होत्या. एक तीळ उजव्या कानाच्या पाळीमागे सापडला. दुसरा मिळेना. शेवटी लेकीनेच डाव्या गुडघ्यावरचा व्रण दाखवला आणि तो कसा झाला हे तिने इतके सविस्तर सांगितले की गेल्या मे महिन्यात ती शेजारच्यांच्या आंब्यावर चढली होती ही गोष्ट आम्हाला त्या रात्री पहिल्यांदा कळली. फॉर्मवर मी ‘डाव्या गुडघ्यावर व्रण’ एवढेच लिहिले.

अकरा पानी फॉर्मच्या आठव्या पानावर ‘आपल्या पाल्याचे पाच वाक्यांत वर्णन करा’ असे होते, आणि त्याखाली ‘आपण हीच शाळा का निवडली?’ दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘अजून निवडलेली नाही’ हे होते. ते लिहिता येत नाही, म्हणून माहितीपुस्तिकेतलीच दोन वाक्ये फिरवून परत त्यांनाच दिली. पहिल्या प्रश्नाला नवऱ्याने इंटरनेटवरून उत्तर शोधून आणले होते: मूल जिज्ञासू आहे, मिळूनमिसळून वागते, त्याला नवीन गोष्टी शिकायची आवड आहे. हे वर्णन आमच्या लेकीला जेवढे लागू होते तेवढेच शेजारच्या मांजराला. मी जे लिहिले ते असे की घरी पाहुणे आले की त्यांच्या नकळत ती सोप्याखाली, म्हणजे ओसरीखाली, जाते आणि सगळ्यांच्या चपला जोडीने, तोंड अंगणाकडे करून लावते. तिला हे कोणी शिकवलेले नाही, आणि स्वतःच्या चपला मात्र तिला कधीच सापडत नाहीत. हे एकच वाक्य झाले. उरलेली चार मला सुचली नाहीत आणि त्या ओळींवर मी, सवयीने, ‘लागू नाही’ लिहून बसले. नवऱ्याने ते वेळीच पाहिले.

अशा उत्तरांवरून प्रवेश ठरवायचा असेल तर तो कायद्याला धरून नाही, हे इथे सांगून ठेवते. शिक्षण हक्क कायदा २००९चे कलम १३ प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई करते. अर्ज जास्त आले तर सोडत काढावी अशी त्यामागची कल्पना आहे, आणि चाळणी लावणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड सांगितलेला आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने अल्पसंख्याकांनी चालवलेल्या शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. गोव्यात अशा शाळा पुष्कळ आहेत, म्हणून फॉर्म पाहून एकदम कलमे उद्धृत करायला जाऊ नये. आधी शाळा कोणाची आहे ते पाहावे.

आता ज्या रकान्यासाठी हे सगळे लिहायला घेतले त्याकडे येते. तिन्ही फॉर्मांवर तो होता, तिन्ही ठिकाणी जेमतेम दोन बोटे रुंद: ‘मातृभाषा’.

आमच्या घरात कोंकणी बोलतात. सकाळी उठल्यापासून रात्री दार लावेपर्यंत, भांडणाची, लाडाची, मासळी घेण्याची, देवापुढे मागणे मागण्याची भाषा कोंकणी. त्याच घरात सकाळी दारात पडते ते वर्तमानपत्र मराठी, आरत्या मराठी, सोमवारचे भजन मराठी, जत्रेतले नाटक मराठी, लग्नाची पत्रिका मराठी, सासूबाईंची सामानाची यादी मराठी. मी हे मराठीत लिहिते आहे आणि लिहिताना कोंकणीतून भाषांतर करते आहे असे मला क्षणभरही वाटत नाही. लेकीला झोपताना आजोबा गोष्ट मराठीत सांगतात आणि ती मधेच प्रश्न कोंकणीत विचारते. दोघांनाही आपण दोन भाषांत बोलत आहोत हे जाणवत नाही. दोन बोटांच्या रकान्यात हे मावत नाही.

फॉर्म टेबलावर उघडा पाहून सासूबाईंनी निर्णय दिला, ‘‘मराठी बरय गो, आमी पयलींसावन मराठीच.’’ मराठी लिही, आपण पहिल्यापासून मराठीच, हे त्यांनी कोंकणीत सांगितले. नवरा हसला. त्याचे म्हणणे, आपण बोलतो ती मातृभाषा, म्हणून कोंकणी लिही. सासूबाईंना राग आला आणि त्या रागाला इतिहास आहे हे मला माहीत होते. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला तेव्हा त्या लहान होत्या आणि त्यांच्या घरावर विलीनीकरणवाद्यांचा झेंडा होता. १९८७ला राजभाषा कायदा झाला, देवनागरीतली कोंकणी राजभाषा ठरली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद झाली, तेव्हा त्यांच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे कित्येक महिने जेवताना दुसरा विषय नव्हता. २०११ साली सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचे ठरवले, तेव्हा कालपर्यंत एकमेकांसमोर उभे असलेले कोंकणीवाले आणि मराठीवाले एका मांडवात बसले. त्यांचा एकत्र मोर्चा सासूबाईंनी पणजीला जाऊन पाहिला होता. त्याच २०११च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे ६६ टक्के लोकांनी मातृभाषा कोंकणी आणि सुमारे ११ टक्क्यांनी मराठी सांगितली. आमच्या घराचा आकडा त्यातल्या ११मध्ये आहे. प्रगणक आला तेव्हा दार सासूबाईंनी उघडले होते.

माझी अडचण वेगळी होती. कारखान्यात आम्हाला शिकवलेले असते की जे दिसले ते लिहा, जे दिसायला हवे होते ते लिहू नका. या नियमाने उत्तर कोंकणी येते. पण गोव्यात हा रकाना कोणी नोंद म्हणून वाचत नाही, मत म्हणून वाचतो, आणि कोंकणी लिहिले की भजनाची वही, नाटक आणि आजोबांच्या गोष्टी आपण एका बाजूला सारल्या असा त्याचा अर्थ घरातच लावला जाणार होता.

सासरे दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोप्यावर बसून त्यांनी आपणहून विषय काढला. १९६९ साली त्यांना सत्तरी तालुक्यातल्या एका एकशिक्षकी शाळेत नेमणूक मिळाली. गोव्याच्या मुक्तीला आठ वर्षे झाली होती, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी शाळा काढल्या होत्या, आणि जूनच्या पहिल्या पावसात बायका पोरांना बोटाला धरून नाव घालायला यायच्या. फॉर्म नव्हते, सगळी माहिती मास्तरच विचारून दाखलबुकात लिहायचा. जन्मतारीख विचारली की उत्तर येई, ‘माटोळी (चवथीला गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधली त्या दिवशी’, किंवा ‘शिगम्याचा रोमट (शिमग्याची मिरवणूक) गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी’. साल काढायला दात मोजायचे, धाकट्या-थोरल्याचा हिशेब करायचा आणि ते जमले नाही तर १ जून लिहून टाकायची. आज साठीच्या पुढे असलेली निदान वीस माणसे त्यांच्या हाताने १ जूनला जन्मली आहेत.

‘‘आणि मातृभाषा?’’ मी विचारले.

ते म्हणाले की पहिल्या नावापुढे त्यांनी ‘मराठी’ लिहिले आणि त्याखाली पानभर डिट्टोच्या खुणा केल्या. कोणाला विचारले नाही. शाळा मराठी, पुस्तक मराठी, मास्तर मराठी. मग पोराची मातृभाषा वेगळी विचारायची ती कशाला, असे त्या वेळी वाटले. धनगरवाड्यावरचा एक मुलगा होता, त्याच्या घरातले बोलणे सासऱ्यांना पहिला महिनाभर नीट उमगत नव्हते. त्याच्याही नावापुढे डिट्टो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत शाळा बदलत गेल्या, दाखलबुके बदलत गेली, आणि प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीत एकदा ‘मराठी’ लिहून खाली खुणा करायची सवय मात्र निवृत्तीपर्यंत राहिली. हे त्यांनी मला कोंकणीत सांगितले, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता गाईला पाणी दाखवायला उठून गेले.

शहरातल्या मराठी शाळेच्या फॉर्मवर मी ‘कोंकणी’ लिहिले आणि ‘येत असलेल्या अन्य भाषा’ या ओळीत ‘मराठी’. इंग्रजी शाळेच्या फॉर्मवर मात्र त्या आधीच्या आठवड्यात, सासूबाईंचा राग ताजा असताना, मी ‘मराठी’ लिहून बसले होते. म्हणून त्यावर नियमाप्रमाणे एक आडवी रेघ मारली, बाजूला ‘कोंकणी’ लिहिले, सही केली, तारीख टाकली. इतकी निर्दोष दुरुस्ती त्या शाळेच्या खिडकीवर कधी आली नसावी. बाईंनी ती पाहून फॉर्म परत केला. खाडाखोड चालत नाही. नवा फॉर्म विकत घ्या. मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला की ही खाडाखोड नाही, आधीचा शब्द वाचता येतो आहे, आणि तो का बदलला हेही मी सांगू शकते. त्या म्हणाल्या, ‘‘तेच तर. दोन शब्द दिसले तर आम्ही संगणकात कोणता घालायचा?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते. नवा फॉर्म घेतला, अकरा पाने पुन्हा भरली, आणि या वेळी चपलांच्या वाक्यानंतर नवऱ्याची इंटरनेटवरची चारही वाक्ये उतरवून काढली.

त्या शाळेच्या यादीत लेकीचे नाव लागले. चार दिवस घरात चर्चा झाली, नवऱ्याच्या बाजूने आणि माझ्या बाजूने नवे काहीच निघाले नाही, आणि पाचव्या दिवशी त्यानेच सांगितले की निदान पहिली-दुसरी गावात करू, मग बघू. त्याचे पूर्ण समाधान झालेले नाही. इंग्रजी शाळेची पावती त्याने फाइलमध्ये जपून ठेवली आहे आणि त्याबद्दल मी त्याला काही म्हणत नाही.

गावातल्या शाळेचा फॉर्म असा सर्वांत शेवटी गेला. तळीच्या वरच्या अंगाला शाळा आहे, दोन खोल्या आणि एक ओटा. गेल्या वर्षी पहिलीत सात मुले होती. आम्ही गेलो तेव्हा भाजीपावाची सुट्टी नुकतीच संपली होती. सासरे बरोबर आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. मुख्याध्यापिकाबाईंनी माझा भरलेला फॉर्म घेतला, वरवर पाहिला, आणि दाखलबुक काढून स्वतःच्या हाताने नाव घालायला सुरुवात केली. जन्मतारीख अक्षरी लिहिली. माझे प्रतिज्ञापत्र बघून ‘‘असूं दी’’ म्हणाल्या आणि जन्मदाखल्यावरचे नाव उतरवून घेतले. मातृभाषेच्या रकान्यापाशी त्यांनी लेकीकडे पाहिले आणि विचारले, ‘‘घरांत कोंकणीच उलयता न्हय गो?’’ तिने मान हलवली. बाईंनी लिहिले.

सासऱ्यांनी चष्मा लावला आणि ‘‘पळोवं?’’ म्हणून वही स्वतःकडे वळवून घेतली. त्यांनी आधी लेकीची ओळ वाचली, मग बोट वर नेत नेत आधीच्या वर्षांची नावे. मातृभाषेच्या रकान्यात कोंकणी होते, त्यावर कन्नड, कन्नड, मग मराठी, पुन्हा कोंकणी, हिंदी, एक लमाणी. दोन कन्नड लागोपाठ असूनही दोन्ही पूर्ण अक्षरांत लिहिलेली होती. पानभर कुठेही डिट्टो नव्हता. त्यांनी मागचे पान उलटले, तेही तसेच पाहिले, वही मिटून दोन्ही हातांनी बाईंपुढे सरकवली आणि म्हणाले, ‘‘अक्षर बरें आसा.’’